गाडीला पाठ दाखवा: आडवी झालेली बुलेट एकट्याने उभी करताना

माझी रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० (बोलण्यात तीही बुलेटच) इथे गोव्यात गेल्या पावसाळ्यात तीनदा आडवी झाली, आणि तिन्ही वेळा तिचा वेग जवळजवळ शून्य होता. पहिल्यांदा घरच्या अंगणात रात्रीतून स्टँड मातीत रुतला. दुसऱ्यांदा वाळपईच्या वाटेवर गाडी वळवून घेताना जिथे पाय टेकायला गेले तिथे जमीनच नव्हती. तिसऱ्यांदा फेरीबोटीच्या धक्क्यावर, भरल्या गर्दीसमोर. माझी उंची पाच फूट दोन इंच, वजन ५४ किलो. गाडीचं वजन १९५ किलो. शाळेतल्या एका मैत्रिणीने नुकतीच अशीच गाडी घेतली आणि पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला, "अगं, अर्धी उचलली जाते आणि मग हातच सुटतात. काय चुकतंय माझं?" फोनवर सांगितलं ते तुटक होतं. नीट इथे लिहिते.

अंगणातल्या त्या सकाळी मी काय केलं ते आधी सांगते, कारण बहुतेक जण तेच करतात. गाडीकडे तोंड करून उभी राहिले, कमरेत वाकले, हँडल दोन्ही हातांनी धरलं आणि वर ओढलं. गाडी वीतभर उठली, परत बसली. दुसऱ्यांदा जरा जास्त जोर लावला. तिसऱ्या झटक्याला कमरेत अशी कळ आली की पुढचे चार दिवस मी भिंत धरून चालत होते. गाडी तशीच आडवी. शेवटी नाक्यावरच्या पायलट काकांना बोलावलं. (गोव्याबाहेरच्यांसाठी: इथे काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणाऱ्याला पायलट म्हणतात. विमानाचा काही संबंध नाही.) काकांची साठी केव्हाच उलटलेली, अंगावर मूठभर मांस नाही. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, तिच्याकडे पाठ केली, खाली बसले आणि चार पावलं मागे चालत ती उभी केली. मला एवढंच म्हणाले, "बाय, तिका फाट दाखय."

पुढच्या रविवारी त्यांनी अंगणात गोणपाटं पसरली, माझ्या डोळ्यांदेखत माझीच गाडी हळूच त्यावर आडवी केली आणि म्हणाले, आता उचल. तीनदा उचलायला लावली. काळीज तुटत होतं, पण वाळपईच्या वाटेवर पावसात एकटी असताना तोच रविवार कामाला आला.

अर्ध्यावर का अडकते

१९५ किलोची गाडी उभी करायची म्हणजे १९५ किलो उचलायचे नसतात. चाकं जमिनीवर टेकलेलीच असतात आणि गाडी त्यांच्यावर दारासारखी बिजागरीवर फिरते. तुम्ही जिथे धरता तिथे सुरुवातीला ढोबळमानाने निम्मा भार येतो. पण निम्मा म्हणजे सिमेंटची दोन पोती, आणि दोन पोती वाकलेल्या कमरेने आणि दंडाच्या जोरावर उचलायला गेलं तर ती उचलली जात नाहीत. मांड्या मात्र हे काम रोज करतात. जिना चढताना आपण आपलं अख्खं वजन एका पायावर घेतो, त्याचं कोणाला काही वाटत नाही.

दुसरी गोष्ट, हा भार सगळीकडे सारखा नसतो. सर्वात जड असतो तो पहिला हातभर. गाडी जसजशी सरळ होते तसतशी हलकी होते, आणि अगदी उभी असताना भार जवळजवळ शून्य. मैत्रिणीची तक्रार "अर्ध्यावर हात सुटतात" ही होती, पण तिथे भार कमी झालेला असतो. तिथे संपलेली असते ती आपली पोहोच. गाडीकडे तोंड करून उचलताना कोपर छातीपर्यंत आले की पुढे ओढायला काही उरतच नाही. तिथून ढकलायचं असतं, आणि पकड बदलायला जावं तर गाडी परत खाली. पाठ केली की हा पकडबदल करावाच लागत नाही. पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत ढकलणंच.

हात लावण्याआधी

स्वतः पडला असाल तर आधी स्वतःकडे बघा. पडल्यावर अंगात जो थरार असतो त्यात मनगट मोडलेलंही कळत नाही. मान किंवा पाठ दुखत असेल, चक्कर येत असेल तर गाडी पडू दे, १०८ लावा. स्लिप डिस्क, हर्निया असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर या उचलाउचलीत पडूच नये.

मग किल्ली बंद. कार्ब्युरेटरवाली जुनी बुलेट असेल तर पेट्रोल कॉकही बंद. नव्या, म्हणजे इंजेक्शनवाल्या गाड्यांना कॉक नसतो. टाकीच्या झाकणातून थोडं पेट्रोल ठिबकतंच, वास आला म्हणून घाबरू नका. पण सायलेन्सर तापलेला असेल आणि खाली पेट्रोलचं थारोळं असेल तर पाच मिनिटं लांब उभं राहा. आणि विडी-सिगारेट घेऊन बघायला आलेल्या माणसाला हाकलायला लाजू नका.

आता गाडी कोणत्या कुशीवर आहे ते बघा, कारण दोन बाजूंचे दोन वेगळे हिशेब आहेत.

उजवीकडे पडली असेल तर तुमचं नशीब बरं. साइड स्टँड वरच्या बाजूला आहे, तो आत्ताच उघडून ठेवा. गिअरची लिव्हरही वर आहे. मागचं चाक हाताने फिरवत ती खाली दाबा, पहिला गिअर पडेल. उचलताना गाडी पलीकडे गेलीच तर स्टँडवर जाऊन टेकेल. धोका एकच, सायलेन्सर तुमच्या पोटऱ्यांशेजारी असतो. आपल्याकडे हाफ पँटवर बुलेट चालवायची फॅशन आहे, त्या मंडळींनी तो निवेपर्यंत थांबावं.

डावीकडे पडली असेल तर स्टँड आणि गिअरची लिव्हर दोन्ही गाडीखाली. गिअरमध्ये असताना बंद पडली असेल तर उत्तम. न्यूट्रलमध्ये असेल तर ती उचलताना पुढे-मागे सरकणार, आणि हीच बहुतेकांची दुसरी तक्रार असते: "उचलताना गाडी निसटून जाते." यावर काकांचा उपाय म्हणजे सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंदीची पट्टी. ती माझ्या हँडलला कायम गुंडाळलेली असते. पुढचा ब्रेक दाबून लिव्हर आणि मूठ एकत्र करकचून बांधली की पुढचं चाक जाम. पट्टी नसेल तर बॅगेचा पट्टा, सुतळी, काहीही चालतं. तेही नसेल तर दोन्ही चाकांच्या पुढे-मागे दगड सारा.

उचलायची कशी

डावीकडे पडली आहे असं धरून सांगते. तुम्ही सीटच्या बाजूला, चाकं तुमच्यापासून पलीकडे. हँडल पूर्ण डावीकडे वळवा. पुढचं चाक जमिनीकडे तोंड करतं आणि खालची मूठ टाकीजवळ येते. हे विसरलात तर मूठ इतकी लांब राहते की खांदा ताणला जातो आणि निम्मा जोर तिथेच वाया जातो.

पाठ फिरवा. खाली बसा आणि सीटच्या मधल्या भागाला कुल्ले टेकवा. कंबर नाही, कुल्ले. हा फरक बोलायला अवघड वाटतो म्हणून कोणी सांगत नाही, आणि मग मणका दुखावतो. उजव्या हाताने खालची मूठ धरा, तळहात वरच्या दिशेला. डाव्या हाताने सीटखालचा चेसिसचा पाइप किंवा मागचा कॅरिअर. इंडिकेटर, नंबर प्लेट, मडगार्डचा पत्रा यांना हात नाही, ते तुटून हातात येतात. पावलं गाडीपासून फूटभर पुढे, एकमेकांपासून खांद्याइतकी लांब. पाठ ताठ, नजर समोरच्या झाडाच्या शेंड्याकडे. खाली बघितलं की पाठ आपोआप वाकते.

आता हातांनी उचलायचं नाही. हात फक्त दोऱ्या आहेत. टाचांनी जमीन दाबा आणि कुल्ल्यांनी सीट मागे रेटा. श्वास कोंडून धरू नका. गाडी हलली की अगदी लहान पावलं मागे टाका, अर्ध्या पावलाहून मोठं नको. मोठं पाऊल टाकलं की एक पाय हवेत असतो आणि सगळा भार दुसऱ्यावर जातो. तोल तिथेच जातो. पहिला हातभर वर आली की पुढचं सोपं आहे, आणि सोपं झालं म्हणून तिथे घाई करायची नाही.

कारण तिसरी तक्रार इथली: "उभी केली आणि धाडकन दुसऱ्या बाजूला गेली." नव्वद टक्के सरळ झाल्यावर गाडीला वजनच उरत नाही आणि आपला जोर मात्र तोच असतो. वाळपईच्या वाटेवर माझं हे होता होता राहिलं. म्हणून शेवटच्या टप्प्यात रेटणं थांबवा, गाडी कुल्ल्यांवर किंचित टेकलेली ठेवा, पुढचा हात मुठीवर तसाच ठेवून हळूच वळा आणि पायाने स्टँड चाचपून बाहेर काढा. स्टँड पूर्ण पुढे गेल्याचा खट आवाज येईपर्यंत गाडीवर विश्वास टाकू नका.

उजव्या बाजूची पद्धत हीच, फक्त आरशातली. डाव्या हातात खालची मूठ येते, आणि त्याच मुठीला पुढचा ब्रेक असल्यामुळे बोटांनी तो दाबून ठेवता येतो.

तरीही हलत नसेल

बहुतेकदा दोष जमिनीचा असतो. आपल्याकडचा जांभा सुका असताना खरखरीत, पण पावसाळ्यात चिऱ्यांवर शेवाळ धरलं की साबणासारखा. तिथे तुम्ही टाचा रेटाल तर गाडी न उठता तुम्हीच पुढे घसराल. गोणपाट, पायपुसणं, झावळी, हाताला लागेल ते टाचांखाली टाका. तेही नसेल तर बुटाने शेवाळ खरवडून दोन टाचांपुरती जागा साफ करा, तेवढी पुरते.

उतारावर गाडीची चाकं वरच्या बाजूला आणि सीट खालच्या बाजूला असेल तर उचलायचा विचारही करू नका. त्या स्थितीत डोंगर आणि गाडी दोघांशी एकदम लढायचं असतं. लेगगार्ड लावलेली गाडी आडवी असताना त्याच गार्डवर बरीचशी गरगर फिरते. पुढचं चाक धरून ओढत तिला फिरवा, चाकं उताराकडे आणि सीट चढाकडे येईल अशी. रंगाला ओरखडे येतील, येऊ देत. चोर्ला घाटाच्या कडेला कमरेची गादी सरकली तर रंगाचे पैसे आठवत नाहीत.

वाळूत तर पाय रुततात आणि टायरही. किनाऱ्यावर गाडी नेणं गोव्यात बेकायदेशीर आहे, पोलीस पकडतात, तेव्हा तो प्रसंग येऊच नये. पण माडांखालच्या पार्किंगमध्येही वाळूच असते. तिथे चाकांखालची वाळू हाताने उकरून दोन उथळ खाचे करा, टायर त्यात बसले की सरकत नाहीत.

आणि खरंच ताकद कमी पडत असेल तर एका दमात उचलायची सक्ती नाही. शेजारी चिऱ्याचा तुकडा किंवा लाकडाचा ठोकळा ठेवा. गाडी वीतभर उठली की पायाने तो लेगगार्डखाली सरकवा आणि दम घ्या. पुन्हा वीतभर, पुन्हा ठोकळा. हात मात्र गाडीखाली कधीच घालायचा नाही.

मदतीला माणसं धावली तर

रायबंदरच्या धक्क्यावर मी चोडणला जाणाऱ्या फेरीची वाट बघत होते. उतार ओला, खाली हिरवट बुळबुळीत थर. बोटीची फळी पडली, सगळे एकदम निघाले, मी दचकून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी अंगाखालून गेली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सहा जण धावून आले. गोव्यात हे सुख आहे. दुःख हे की सहाही जणांनी सहा ठिकाणी धरलं. एकाने आरसा धरला, तो त्याच्या हातात आला. एकाने सायलेन्सर धरला आणि "आवयऽऽ" म्हणून सोडला. दोघे उजवीकडे ओढत होते, दोघे वर.

तेव्हा एक दणदणीत आवाज काढून "थांबा, मी सांगते" म्हणायला शिका. शाळेत शिकवते म्हणून मला ते जमलं. एकाला फक्त पुढचा ब्रेक दाबायला सांगायचा. दोघांनी सीटच्या बाजूने लेगगार्ड आणि मागचा कॅरिअर धरायचा. एक जण पलीकडे उभा, गाडी त्याच्याकडे झुकली तर झेलायला. बाकीच्यांना "आभारी आहे, बाजूला व्हा." आणि बुळबुळीत जागेवर उचलायच्या आधी आडवी गाडीच तशी ओढून कोरड्या, खरखरीत सिमेंटवर आणायची. आरसा तोडणारे काका नंतर तो माझ्या पिशवीत घालून देताना इतके ओशाळले होते की मीच त्यांची समजूत घातली.

उभी आहे, पण सुरू होत नाही

इंजेक्शनवाल्या बऱ्याच गाड्यांत झुकाव ओळखणारा सेन्सर असतो. गाडी आडवी झाली की तो इंजिन बंद करतो. किल्ली पूर्ण बंद करून थोडं थांबा, परत लावा. लाल किल स्विच, म्हणजे हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण, पडताना दाबला गेला नाही ना, तेही बघा. मी एकदा पंधरा मिनिटं स्टार्टर मारत बसले होते आणि कारण तेच होतं. कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल जास्त झालेलं असतं. चोक न लावता एक्सलेटर पूर्ण उघडा ठेवून किका मारा.

बराच वेळ आडवी असेल तर लगेच सुरू करू नका. ऑइल नको तिथे, एअर फिल्टरच्या डब्याकडे किंवा सिलिंडरमध्ये उतरलेलं असू शकतं. दहा मिनिटं सरळ उभी ठेवा. सुरू झाल्यावर निळसर-पांढरा धूर आला आणि थोड्या वेळात थांबला तर काळजी नाही. पण स्टार्टर दाबल्यावर नुसता टक आवाज होऊन इंजिन अडत असेल तर पुन्हा पुन्हा दाबू नका. आत द्रव अडकलेला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढून मेकॅनिकने बघायचं काम आहे ते.

निघण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून एक्सलेटर सोडल्यावर आपोआप परत येतो का बघा, ब्रेक दाबून बघा, गिअरची लिव्हर आत वाकून इंजिनला टेकली नाही ना बघा. वाकलेली ब्रेक-क्लचची लिव्हर रस्त्यावर सरळ करायला जाऊ नका. ती अॅल्युमिनियमची असते, वाकली तेव्हा तुटली नाही तरी सरळ करताना तुटते. घरी जाईपर्यंत वाकडीच चालवा.

याच्यावरून काकांची एक युक्ती: लिव्हरचे क्लॅम्प मूठभर ताकदीने फिरतील इतकेच आवळायचे. गाडी पडली की लिव्हर तुटण्याऐवजी फिरते. मी तसं करून घेतलं, तेव्हापासून एकही लिव्हर बदललेली नाही.

पुन्हा पुन्हा का पडते

माझ्या तीनपैकी दोन वेळा कारण एकच निघालं, आणि उचलण्याच्या सगळ्या कसरतीपेक्षा ते कळणं जास्त उपयोगी पडलं. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक. सावकाश वळताना हँडल वळलेलं आणि पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला कोसळते, मग तुम्ही पैलवान असा की कोणीही. सावकाश वळताना, धक्क्यावर, अंगणात, फक्त मागचा ब्रेक आणि अर्धा क्लच. माझ्या बोटांना पुढच्या लिव्हरवरून उतरवायला महिना लागला.

वाळपईच्या वाटेवर याला साइडपट्टीची जोड होती. डांबर परत परत चढवून रस्ता उंच झालेला, कडेची लाल माती पावसाने धुपून खाली गेलेली. डांबराच्या कडेवर थांबून डावा पाय खाली टाकला तर तो हातभर खोल गेला. आखूड पायांच्या माणसांनी कडेला न थांबता रस्त्याच्या सपाट भागातच थांबावं, मागचा हॉर्न वाजवेल तर वाजवू दे.

आणि अंगण. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. संध्याकाळी घट्ट वाटणारी माती पहाटेपर्यंत लोणी होते आणि साइड स्टँडचं टोक तर रुपयाएवढं. आता मी पावसाळ्यात गाडी चिऱ्यांवर, मधल्या स्टँडवर लावते. उतारावर लावावीच लागली तर तोंड चढाकडे आणि पहिला गिअर. बाहेर मातीत थांबायचं झालं तर तळहाताएवढा प्लायवुडचा तुकडा स्टँडखाली. त्याला भोक पाडून दोरी बांधली आहे, दोरीचं टोक हँडलला, म्हणजे निघताना विसरत नाही.

काकांना मात्र माझा प्लायवुड पसंत नाही. पावसात फुगतो म्हणतात. त्यांच्या डिकीत जुन्या स्लिपरचा रबरी तळ असतो, कित्येक वर्षांचा, मधोमध स्टँडचा खळगा पडलेला. परवा त्यांनी दुसऱ्या पायाचा मला आणून दिला.